थांबण्याचा आकडा

प्रांजली भोयर नोकरीला लागली त्या दिवशी कंपनीने तिच्या हातात एक रंगीत तक्ता दिला. त्यावर जिना काढला होता. तळाच्या पायरीवर हेडसेट लावलेली हसरी मुलगी, तिच्या वर टीम लीडर, मग ट्रेनर, मग मॅनेजर. खाली लिहिलं होतं, 'मन लावून काम करा, दीड वर्षात पुढची पायरी.' प्रांजलीने तो तक्ता घरी नेऊन आईला दाखवला. आईने आयुष्यभर शाळेत पोरांची खिचडी शिजवली होती. तिने चष्मा लावून प्रत्येक पायरी नीट वाचली आणि विचारलं, "इतक्या वर गेल्यावर मग खाली कोण बोलते लोकांसंग?"

ऑफिस नागपूरच्या बाहेर, विमानतळापलीकडे, चौथ्या मजल्यावर होतं. कंपनी घरोघरी इंटरनेट पुरवायची. बिलाची चौकशी, बंद पडलेलं यंत्र, पत्ता बदलणं ही सगळी कामं तोवर संगणकच बोलून निपटू लागला होता. माणसांसाठी एकच काम उरलं होतं. 'मला कनेक्शन बंद करायचंय' असं कोणी म्हणालं की तो फोन चौथ्या मजल्यावर यायचा, आणि तिथल्या मुलामुलींनी त्या माणसाला थांबवायचं. थांबला की त्याला 'सेव्ह' म्हणायचे. पगार एकवीस हजार, आणि सेव्हमागे थोडे वरचे.

प्रांजलीच्या शेजारच्या खुर्चीवर मोनाली गेडाम बसायची. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीची. मानेवाड्याला प्रांजलीच्या घरापासून चार घरं सोडून एका खोलीत भाड्याने राहायची. दोघी एकाच गाडीने यायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या. मोनालीचा आवाज जरा जाडसर होता आणि बोलणं संथ. चिडलेलं गिऱ्हाईक तिच्याशी दोन मिनिटं बोललं की आपोआप खालच्या पट्टीत यायचं.

नोकरीला सहा महिने झाले आणि प्रांजलीच्या आईच्या किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वडील तिच्या लहानपणीच गेलेले. कंपनीचा वैद्यकीय विमा आईवडिलांनाही लागू होता म्हणून निभावलं. मंगळवारी आणि शनिवारी प्रांजली स्वतः जायची. गुरुवारी तिला सुट्टी मिळत नसे, मोनालीची असे. मग गुरुवारी मोनाली आईला दवाखान्यात न्यायची आणि चार तास तिच्या पलंगाशी बसायची.

एका गुरुवारी संध्याकाळी ती आईला घरी सोडायला आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "आज त्या सिस्टरची सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर बसली. तिनं काकूंचा हात हातात घेऊन माफी मागितली. मी पाहून राहिली होती. म्हटलं, प्रांजू, हे काम आहे. आपण काय करून राहिलो?"

"आपण पगार घेऊन राहिलो, मोने," प्रांजली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्याच वर्षी कंपनीत 'तोल' नावाचं यंत्र आलं.

तोलच्या मुळाशी एक साधा शोध होता. माणसासमोर एखादा प्रस्ताव ठेवला की त्याच्या मेंदूत 'हो' आणि 'नाही' या दोन्ही बाजू एकाच वेळी भरायला लागतात, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन घागरींसारख्या. जी आधी काठोकाठ भरते ते उत्तर तोंडातून बाहेर पडतं. एक बाजू फार जड असेल तर उत्तर झटकन येतं. दोन्ही जवळजवळ सारख्या असतील तर वेळ लागतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतो. त्यातच स्वरतंतूंचा ताण बदलतो, श्वास थोडा अडखळतो. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. तोल बनवणाऱ्यांनी ते उलट्या बाजूने वापरलं. वेळ मोजा, आणि त्यावरून आतल्या घागरी किती भरल्यात ते काढा. अशी दहाबारा उत्तरं ऐकली की त्या माणसाला थांबवण्यासाठी कमीत कमी काय द्यावं लागेल, याचा आकडा मिळतो. एक रुपयाही जास्त नाही.

पूर्वी बंद करायला निघालेल्या प्रत्येकाला तीन महिने फुकट दिले जायचे. आता प्रांजलीच्या पडद्यावर माणसागणिक वेगळा आकडा यायचा. कोणाला पंधरा दिवस, कोणाला चाळीस रुपये, कोणाला नुसतं 'आम्हाला वाईट वाटेल' एवढं वाक्य. आणि तेवढ्यावर माणसं खरोखर थांबायची. सुरुवातीला सगळ्यांना जादू पाहिल्यासारखं वाटलं.

सहा महिन्यांनी कंपनीने तोल आतल्या माणसांनाही लावला. महिन्यातून एकदा प्रत्येकाला संगणकाशी पाच मिनिटं बोलावं लागायचं. आवाज गोड होता. काम कसं वाटतं, घरी सगळं ठीक ना, समजा दुसरीकडे थोडा जास्त पगार मिळाला तर काय कराल. मुलं थट्टेनं उत्तरं द्यायची. काय बोललं याला फारशी किंमत नव्हती, किती वेळाने बोललं ते महत्त्वाचं होतं. हजेरी, रजेचे अर्ज, विम्याची कागदपत्रं हेही तोलला दिसत होतं. वर्षाची ठरलेली पगारवाढ बंद झाली. आता ज्याच्या नावाने तोलकडून 'शिफारस' येईल त्यालाच वाढ.

मोनालीला पहिल्याच वर्षात दोनदा शिफारस आली. प्रांजलीला एकदाही नाही.

ती टीम लीडर हर्षद चौरागडेकडे गेली. चौरागडे चाळिशीचा, सरळ माणूस. तो खालच्याच खुर्चीवरून वर आला होता, आणि तसा वर आलेला तो शेवटचाच.

"सर, माझं काही चुकतं का?"

"तुझं काम या मजल्यावर सगळ्यात चांगलं आहे."

"मग?"

"शिफारस आली नाही." तो टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. "येईल."

प्रांजलीने आपली जुनी संभाषणं काढून ऐकायला सुरुवात केली. आपण कुठे घाई करतो, कुठे आवाज चढतो, कुठे उगीच हसतो, हे ती वहीत लिहून काढायची. जेवणाच्या सुट्टीत मोनाली तिची वही ओढून घ्यायची. "बस कर ना बाप्पा. ते मशीन काही गुणपत्रिका नाही."

"तुला दोनदा मिळालं म्हणून तू म्हणून राहिली."

मोनालीने वही परत तिच्यासमोर ठेवली. प्रांजलीला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये चौरागडेने तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी एक नवीन टेबल सुरू करत होती. राजीनामा देणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांना थांबवायचं. "तुला तिथे बसवायचं ठरलंय. दुसरी श्रेणी. पगार आत्ता तोच राहील, पण पहिली पाच माणसं बघून पक्कं करतील."

"आणि नाही जमलं तर?"

चौरागडेने दार लावून घेतलं. "हे अजून जाहीर झालं नाही. ऑक्टोबरपासून आईवडिलांचा विमा फक्त दुसऱ्या श्रेणीपासून वर मिळणार. खालच्या सगळ्यांचा बंद." तो परत खुर्चीत बसला. "म्हणून म्हणतो, जमव."

घरी जाताना गाडीत तिने मोनालीला सगळं सांगितलं. मोनालीने तिच्या मांडीवर थाप मारली. "जमेल तुला. तू तर मलाच रोज थांबवत असते."

पहिली चार माणसं सोपी गेली. एका मुलाला घराजवळची शिफ्ट हवी होती. एकीला सासूच्या आजारपणासाठी दोन आठवडे रजा. समोर टॅब्लेट असायचा, त्यावर एक आकडा आणि खाली एक रेष. समोरचा बोलायला लागला की रेष हलायची. रेष थरथरली की समजायचं, माणूस काठाशी आलाय, आणखी काही देऊ नका.

पाचवं नाव ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मोनाली शंकर गेडाम. कारण: शिक्षण.

मोनालीने तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. चंद्रपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या फेरीत तिचा नंबर लागला होता, फी माफ असलेल्या जागेवर. शनिवारपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते. आई अंथरुणावरून उठून बसली होती, तिने मोनालीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली होती. प्रांजलीनेही मिठी मारली होती. आणि त्या मिठीतच तिच्या मनात आलं होतं, हे नाव आपल्या टेबलावर येणार.

"सर, हे दुसऱ्या कोणाला द्या ना," ती चौरागडेला म्हणाली.

"तोलने तुझं नाव सुचवलंय." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "आणि पाचवं आहे."

भेटीच्या खोलीत हिरव्या रंगाच्या दोन खुर्च्या होत्या आणि कोपऱ्यात कुंडी. मोनाली आत आली, प्रांजलीला पाहून हसली आणि मग टॅब्लेट पाहून तिचं हसू थोडं कमी झालं.

"बस ना, मोनाली," प्रांजली म्हणाली.

मोनाली बसली.

प्रांजलीने शिकवलेल्या क्रमानेच सुरुवात केली. कंपनीला तिचं काम किती मोलाचं वाटतं. नर्सिंगची तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं कमाई नाही, आणि पुढेही खाजगी दवाखान्यात सुरुवातीला किती मिळतं. घरी धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू आहे. पुढच्या वर्षी फॉर्म भरता येईल, जागा काही पळून जात नाहीत. तोवर महिन्याला तीन हजार विशेष भत्ता. बोलताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, स्वच्छ, मऊ, कुठेही न अडखळणारा. वहीत लिहून लिहून तिने तो तसा केला होता.

मोनाली खिडकीकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "हे तुझं कितवं?"

"पाचवं."

टॅब्लेटवरची रेष थरथरायला लागली आणि थरथरतच राहिली. आकड्याखाली अक्षरं आली: वाढवू नका. प्रांजलीने कोणालाच इतका वेळ गप्प राहिलेलं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, हिला तीन हजार कमी वाटतायत. तिला वाटलं, आपण आता उठावं, टॅब्लेट पालथा ठेवावा आणि म्हणावं, जा गं, बस पकड. ती उठली नाही.

"बरं," मोनाली म्हणाली. "थांबते."

प्रांजली पक्की झाली. ऑक्टोबरमध्ये विम्याचा नवा नियम लागू झाला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या अकरा मुलांच्या आईवडिलांची नावं कमी झाली. तिच्या आईचं राहिलं.

मोनाली तशीच गुरुवारी दवाखान्यात जात राहिली. कॉलेजचा विषय तिने पुन्हा काढला नाही. कॉलेजचे प्रवेश बंद होऊन दोन महिने झाले आणि डिसेंबरात तिचा विशेष भत्ता थांबला. प्रांजलीने विचारलं तेव्हा चौरागडे म्हणाला, "भत्ता तिमाही असतो. तोलच्या मते आता गरज नाही." खरंच होतं. ती आता कुठे जाणार होती?

मार्चमध्ये गिऱ्हाइकांना थांबवायचं कामही संगणकाने घेतलं. तीन वर्षं या मुलांचेच फोन ऐकून तो शिकला होता. चौथा मजला रिकामा झाला. शंभरातल्या नव्वदांना एका मेलने निरोप मिळाला, त्यात मोनालीही होती. राजीनामा देणाऱ्यांना थांबवणारं टेबल राहिलं, कारण दुसऱ्या शहरांत अजून माणसं होती.

मोनाली सिंदेवाहीला परत गेली. जाताना आईच्या पाया पडली. प्रांजली बसपर्यंत सोडायला गेली. दोघी गाडीची वाट पाहत उभ्या राहिल्या आणि उन्हाबद्दल बोलल्या. जुलैत मोनालीचा मेसेज आला की यंदा फी-माफीच्या जागा निम्म्याच आहेत आणि यादीत तिचं नाव नाही. त्यानंतर तिने दोनदा फोन केला. प्रांजलीने उचलला नाही, 'नंतर बोलते' एवढं लिहिलं, आणि नंतर ती कधी बोलली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका शनिवारी, डायलिसिस चालू असताना, आईचं हृदय थांबलं. दुपारचे बारा वाजले होते. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, पडदा ओढला गेला. प्रांजली पडद्याबाहेर आईच्या चपला हातात घेऊन उभी होती.

मामा आले, चुलत भाऊ आले, सगळं पार पडलं. चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला की विम्यातून नाव कमी करायला एक फॉर्म भरावा लागेल. तिने मोबाइलवर भरला. नाव, नातं, आणि शेवटी कारण. तिथे यादीतून एक निवडायचं होतं. तिने 'मृत्यू' निवडून पाठवून दिलं.

सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मेल आला. 'आपल्या कामाची दखल घेऊन आपल्या मासिक वेतनात नऊ हजार रुपयांची वाढ करण्यात येत आहे. अभिनंदन.'

घरात मामी भाजी निवडत बसल्या होत्या. प्रांजलीने मेल दोनदा वाचला. चार वर्षांत पहिल्यांदाच तिच्या नावाने शिफारस आली होती. तिने मामींना काही सांगितलं नाही. पायात चप्पल घातली आणि ती सरळ ऑफिसला गेली.

चौरागडे तिला पाहून खुर्चीतून उठला. "अगं, तू सुट्टीवर..."

"माझा आकडा दाखवा, सर."

"ते दाखवता येत नाही."

"मी बाकी सगळ्यांचे बघते. माझा दाखवा."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. महिन्यागणिक एक ओळ होती. तोल कर्मचाऱ्यांना लावल्यापासूनच्या एकतीस ओळी, आणि प्रत्येकीपुढे शून्य. एकतीस महिने एकही रुपया न देता ती थांबणार होती, हे यंत्राला माहीत होतं. शेवटची ओळ तिने फॉर्म भरला त्या दिवशीची होती. तिच्यापुढे नऊ हजार.

म्हणजे तिच्या कामात कधी काही चुकलंच नव्हतं. त्या वह्या, ते रात्रंदिवस स्वतःला दोष देणं, सगळं फुकट. आठवड्यातून तीन दिवस आई ज्या पलंगावर झोपायची, त्याने तिला इथे बांधून ठेवलं होतं. आणि आता दोर सुटला म्हणून यंत्राने घाईने किंमत लावली होती.

"तुमचा किती आहे, सर?"

"मी बघत नाही," चौरागडे खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला. "दोन मुली आहेत मला."

तिने पडद्यावर आणखी एक नाव टाकलं. गेडाम. गेल्या वर्षीच्या ऑगस्टची ओळ उघडली. तिथे फक्त एक आकडा नव्हता, तीन होते. चौरागडे बोलल्यास चौदा हजार. मनुष्यबळ विभागातलं कोणी बोलल्यास साडेतेरा हजार. प्रांजली भोयर बोलल्यास तीन हजार.

तिने तिथेच उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. चौरागडेने तो घेतला, आणि ती बाहेर पडत असताना म्हणाला, "तुझ्याशी कोणीतरी बोलायला येईल. नियम आहे."

"येऊ द्या," ती म्हणाली. संध्याकाळी इंदूरहून एका मुलीचा फोन आला. मुलगी नवीन होती, वाक्यं पाठ केल्यासारखी म्हणत होती. प्रांजलीने तिला सगळं बोलू दिलं आणि मग शांतपणे नाही म्हटलं.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी ती सिंदेवाहीच्या बसमध्ये बसली.

मोनाली गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होती. नंबराच्या चिठ्ठ्या द्यायच्या, वजन करायचं, ब्लडप्रेशर मोजायचं, नाव पुकारायचं. प्रांजली पोचली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. बाकावर तीनचार म्हातारी माणसं बसली होती. मोनाली एका आजीच्या दंडावरचा पट्टा सोडत होती. तिने मान वर केली.

"प्रांजू?" ती झटकन पुढे आली. "तू काहून अशी... काकू कशा आहेत?"

मोनालीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. आजीने घाबरून विचारलं, "काय झालं वो बाई?" मोनालीने हातानेच काही नाही असं सांगितलं आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं.

डॉक्टर जेवायला गेल्यावर दोघी मागच्या ओसरीवर बसल्या. मोनालीने डबा उघडला. भात आणि लाखोळीची डाळ. दोघींपैकी कोणीच हात घातला नाही.

प्रांजलीने सगळं सांगितलं. नऊ हजार, एकतीस शून्यं, आणि मग ते तीन आकडे. "मला वाटलं मी तुला पटवलं. मला वाटलं, मी चांगली बोलली म्हणून तू थांबली. मला त्या दिवशी तुला जाऊ द्यायला पाहिजे होतं, मोने. मी उठणार होती. शप्पथ. पण नाही उठली."

"मला माहीत होतं," मोनाली म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मी दारातून आत आली आणि तू मला 'मोनाली' म्हटलं. तोवर कधी म्हटलं होतं का? तेव्हाच समजलं." तिने डब्याचं झाकण परत लावलं. "तू काय बोलली ते मी ऐकलं पण नाही. मी मोजून राहिली होती. पाचवं आहे म्हटलं तू. विम्याचं तर तू मला आधीच सांगितलं होतं. ऑक्टोबरला दोन महिने होते. म्हटलं, मी गेली तर काकूंची सुई बंद."

"म्हणून थांबली?"

"मग काय तीन हजारासाठी?"

ओसरीसमोर एक गाय उभी होती. कोणीतरी तिला हाकललं, ती दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा उभी राहिली.

"तुला माझा राग नाही येत?" प्रांजलीने विचारलं.

"येते ना," मोनाली म्हणाली. "खूप येते. सकाळी दवाखाना उघडायला येते तेव्हा येते. सुई त्या कंपाउंडरलाच लावू देतात, मला नाही, तेव्हा येते. तू फोन उचलत नव्हती, तेव्हा तर फार आला." तिचा आवाज चढला नव्हता, तो तसाच संथ होता. "मी आपल्या मनानं थांबली. पण तू विचारलं, हे पण खरं आहे. तू विचारायला नको होतं."

"हो."

"बस, एवढंच."

प्रांजली रडायला लागली. मोनालीने तिला जवळ घेतलं नाही आणि उठूनही गेली नाही. ती शेजारी बसून राहिली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ऑगस्टपासून किती महिने झाले?"

"चौदा."

"चौदा," मोनाली म्हणाली. "पहिलं वर्ष होऊन गेलं असतं माझं." मग ती प्रांजलीकडे वळली. ओसरीवर आल्यापासून कोरडे राहिलेले तिचे डोळे आता ओले झाले होते. "मी होती तोवरचं मला माहीत आहे. त्याच्यानंतरचं सांग. मार्चपासूनचं. कसे गेले काकूंचे दिवस? नुसत्या पडून होत्या का?"

"नाही, नाही," प्रांजली डोळे पुसत म्हणाली. "पडून नव्हती."

"मग सांग ना. काय काय केलं त्यांनी?"

"एप्रिलमध्ये चुलतभावाच्या लग्नाला गेली होती. डॉक्टर नको म्हणत होते. तरी गेली. हळदीत गाणी म्हटली बसून."

"कोणतं लुगडं नेसल्या होत्या?"

"जांभळं. बारीक काठाचं."

"मग?"

"मग मे महिन्यात चोरून आंबा खाल्ला. अर्धा. मला कोय सापडली गादीखाली. मी ओरडली तर म्हणे, मेल्यावर तू नैवेद्याला ठेवशील, तो मला थोडी ना मिळते..."

मोनाली हसली, आणि हसता हसताच तिने ओढणी डोळ्यांना लावली. आतून कोणीतरी, "बाई, माझा नंबर कितवा?" असं विचारत होतं.

"डॉक्टर तीन वाजेपर्यंत येत नाहीत," तिने आत सांगितलं. मग ती पाय वर घेऊन भिंतीला नीट टेकली आणि म्हणाली, "जून सांग आता. सगळं सांग. एकही दिवस गाळू नको."